सहावी तक्रार

स्वतःचा आवाज ऐकायची आइली पेनहेलला तेहेतीस वर्षांची सवय होती. त्या आवाजात मध्येच दुसऱ्या कुणी तोंड घालावं, याची नव्हती. ऑक्टोबरातला मंगळवार, दुपारचे सव्वाबारा, लेहतोच्या चढावरचं शेवटचं वळण. सकाळी सव्वानऊला तिने पोर्ट हॅलमच्या रेडिओ स्टेशनातून वाचलेली मृत्यूंची यादी रोजच्यासारखी दुपारी पुन्हा लागली होती. गाडी चालवताना ती अर्ध्या कानाने ऐकत होती. वेग बरोबर आहे ना, श्वास कुठे घेतला, एवढंच. “वेल्मा साल्मी, वय नव्वद. अंत्यविधी उद्या, बुधवारी—” आणि तिचा आवाज टर्रकन फाटला आणि त्या फटीतून एक अतिशय आनंदी माणूस ओरडला, “गादीवर उशी फुकट! दोन गाद्या, चार उशा!” आइलीने गाडी कडेला घेतली. चार हात पुढे नेली तर तिचा स्वतःचा आवाज परत आला, आणखी दोन हात गेल्यावर पुन्हा तो गादीवाला. मागे घेतली तर दोघंही एकदम. वेल्मा साल्मीला कुठल्या चर्चमधून नेणार ते काही केल्या ऐकू येईना. आइलीला ते पाठ होतं, सकाळी तिनेच तर वाचलं होतं, पण तिथे रस्त्याच्या कडेला बसून तिला ते आठवेना. मेला उशा वाटतोय, ती मोठ्याने म्हणाली.

त्याचं पुढे काय झालं ते गुरुवारी कळलं. लेहतोहून इंपी हौताला या एक्याण्णव वर्षांच्या बाईंचा स्टेशनात फोन आला. इंपीला दिसत नाही. तिच्या पलंगाशेजारचा रेडिओ हेच तिचं वर्तमानपत्र, हीच खिडकी. “आइली, वेल्मा कशी आहे गं? इस्पितळात होती ना? तू काही वाचलं नाहीस म्हणजे बरीच असेल.” वेल्माला पुरून एक दिवस झाला होता. दोघी एका बाकावर शिकलेल्या. इंपीला कुणीच कसं कळवलं नाही, हा प्रश्न त्या भागात कुणी विचारणार नाही. मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला मेलेल्या माणसाची बातमी सांगायला कुणी कुणाला फोन करत नाही. सव्वानऊला आइली वाचते, सगळे ऐकतात, आणि मग चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाशी भेटतात. वेल्माच्या मुलांना वाटलं, रेडिओवर आलंय, इंपीला कळलंच असेल. आइली फोनवर म्हणाली, “इंपीमावशी, वेल्मा गेली. काल पुरलं.” मग इंपी म्हणाली, “मी रोज लावते गं. हल्ली तुझ्यात एक माणूस बोलतो.”

तुझ्यात एक माणूस बोलतो. हे वाक्य आइलीच्या डोक्यात शिरलं ते निघेना. स्टेशनची यंत्रं सांभाळणारा आणि जाहिरातीही आणणारा रस माकी तिला समजावत होता. दक्षिणेकडच्या एका टेकडीवर कुठल्याशा मोठ्या रेडिओ साखळीचं, त्यांचे कार्यक्रम पुढे फेकणारं छोटं रिले केंद्र आलंय, रेडिओच्या आपल्याच आकड्यावर, परवाना कायदेशीर, कागद चोख. “म्हणजे त्यांना माझ्या जागी बोलायचा हक्क आहे?” आइलीने विचारलं. “तुमच्या जागी नाही,” रस म्हणाला, “जिथे तुमची जागा संपते तिथे.” त्याने टेबलावर नकाशा पसरला. पोर्ट हॅलमच्या मनोऱ्याभोवती एक वर्तुळ काढलेलं होतं. आतमध्ये कुणी तिला हात लावू शकत नव्हतं. लेहतोचं खोरं त्या रेषेच्या बाहेर, जेमतेम नखभर. आइली त्या रेषेकडे बघत राहिली. तिच्या बापाने, एमिल कांगसने, स्टेशन उभं केलं तेव्हा ही रेषा कुणी त्याला दाखवली नव्हती, किंवा दाखवली असेल आणि त्याने चहाचा कप तिच्यावर ठेवला असेल. तो दर रविवारी जुन्या ट्रकमधून आपला आवाज कुठवर पोचतो ते बघायला जायचा. आइली मध्ये बसायची आणि खिडकीशी ताउनो, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, मांडीवर रेडिओ घेऊन. “येतंय,” ताउनो म्हणायचा. “येतंय. येतंय. खरखर. गेलं.” बाप पेन्सिलीने खूण करायचा. आइलीला ते ‘गेलं’ कधीच वेळेवर कळायचं नाही; ती शब्द ऐकत बसायची. बाप म्हणायचा, ताउनोला कान आहे, आइलीला गळा आहे. सगळ्यांना ते कौतुक वाटायचं. आइलीला मात्र नेहमी वाटत आलं की त्या वाटणीत आपल्या वाट्याला कमी आलं.

राजधानीतली वकीलबाई फोनवर घाईघाईने बोलायची, पण माणूस सरळ होती. रेषेबाहेर हक्क आपोआप मिळत नाही, तो कानांनी सिद्ध करावा लागतो, असं तिने सांगितलं. सहा श्रोते हवेत. सहाही त्याच भागातले, तुमचं स्टेशन नेहमी ऐकणारे, आणि त्या नव्या केंद्रामुळे ऐकू येत नाही असं सहीनिशी सांगणारे. सहा तक्रारी आल्या तर रेडिओचे परवाने देणारा आयोग त्यांना आवाज खाली घ्यायला लावेल, नाहीतर बंद करायला लावेल. “पाच चालतील का?” आइलीने विचारलं. “पाच म्हणजे शून्य,” वकीलबाई म्हणाली. “आणि एक लक्षात ठेवा, मिसेस पेनहेल. स्टेशनशी संबंध असलेला माणूस नको. नोकर नको, भागीदार नको, नातेवाईक नको. मी फॉर्म पाठवते. त्यात चार ओळी आहेत, प्रत्येकीपुढे त्यांनी हाताने आहे किंवा नाही लिहायचं. सगळ्याखाली तुमची सही, की तुमच्या माहितीप्रमाणे हे खरं आहे. सहा नोव्हेंबरला, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्याकडे हवं.” आइलीकडे पंधरा दिवस होते.

लेहतोत चौतीस घरं. आपण या चौतीस घरांत रोज सकाळी जातो, असं ती तेहेतीस वर्षं समजत आली होती. आता दार ठोठावून जाताना तिला कळलं की कितीतरी घरांत आपण कधी गेलोच नव्हतो. लोक प्रेमाने आत बोलवत. कॉफी देत. तिचा हात हातात घेऊन म्हणत, “आइली! तुझा आवाज म्हणजे आमच्या आईची सकाळ!” आईची. त्यांची स्वतःची सकाळ फोनच्या पडद्यावर होती. एका घरात तिच्या स्टेशनचं नाव असलेला मग होता आणि रेडिओ नव्हता. एका तरुण बाईने मोकळेपणाने विचारलं, “तुम्ही अजून आहात?” तिला वाईट म्हणायचं नव्हतं. आइलीने हसून आहे म्हटलं, आणि गाडीत येऊन स्टिअरिंग धरून बसली. तरी पाच मिळाले. पहिली इंपी, तिने आइलीचं बोट धरून सही केली. मग लाकूड कापणारे दोघे भाऊ, ते करवत बंद करून फक्त बातम्या आणि मेलेल्यांची नावं ऐकत. मग निवृत्त शाळामास्तर, त्यांनी तक्रारीत गादीच्या जाहिरातीतल्या व्याकरणाच्याही चुका लिहून दिल्या. मग दुकानवाली सेल्मा. सहावा मिळेना. रस म्हणाला, “शिकारीच्या झोपडीत येतो ना तो, त्याला एक टोपी दिली तर तो कशावरही सही करेल.” “ऐकतो का तो?” “सही करताना ऐकेल.” आइलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो नकाशा गुंडाळायला लागला.

चौतीस घरांपैकी तेहेतीस घरांत ती गेली. चौतिसावं घर खोऱ्याच्या टोकाला, स्प्रूसच्या दाट झाडीत. तिथे ताउनो राहायचा. एकोणीस वर्षं ती त्या घराच्या वळणापासून गाडी परत फिरवत आली होती.

बाप गेला तेव्हा मृत्युपत्रात स्टेशन आइलीला आणि लेहतोचं घर आणि जंगल ताउनोला होतं. त्यावरून भांडण झालं नाही. लोक म्हणतात झालं, पण नाही झालं. रस म्हणाला होता, आज मी वाचतो यादी. आइली म्हणाली, माझा बाप आहे, मी वाचणार. दोन पानं होती. पहिल्याच्या तळाशी, मागे मुलगी आइली आणि जावई. दुसऱ्याच्या डोक्यावर, मुलगा ताउनो. मग भावंडं, मग अंत्यविधीची वेळ. तिने पान उलटलं आणि सरळ अंत्यविधीची वेळ वाचली. डोळे भरले होते. एवढंच. त्या भागात मागे राहिलेल्यांची नावं ही साधी गोष्ट नाही. सव्वानऊला जे नाव घेतलं जातं ते त्या मेलेल्याचं माणूस, जे घेतलं जात नाही ते नाही. अख्ख्या जिल्ह्याने ऐकलं, आणि ताउनोने आपल्या ट्रकमध्ये ऐकलं. चर्चमध्ये तो घरच्यांच्या बाकावर आला नाही, मागे दाराशी शेजाऱ्यांत उभा राहिला. बाहेर आइली धावत गेली. “चूक झाली रे. पान उलटताना—” “तू चौदा वर्षं वाचत्येस,” ताउनो म्हणाला. “कुणाच्या कुत्र्याचं नाव गळलं नाही कधी.” “तुला काय वाटतं, मुद्दाम केलं?” “मला काही वाटत नाही. मी कोण वाटून घेणारा? रेडिओवर सांगितलंस ना, मी कुणी नाही.” लोक बघत होते. आइली संतापली. चूक झाली की दुसऱ्या दिवशी सव्वानऊला दुरुस्ती वाचायची हा स्टेशनचा रिवाज. बटाट्याच्या विक्रीचा दिवस चुकला तरी वाचत. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा कागद तिच्यापुढे होता. तिने तो वाचला नाही. आज नको, उद्या. उद्याही नाही. आणि एकदा आठवडा गेल्यावर तो कागद वाचणं म्हणजे आठवडाभर का वाचला नाही हे सांगणं झालं असतं. पण तिला खरं छळायचं ते याच्या आधीचं. पान उलटलं तेव्हा डोळे भरले होते हे खरं. दुसऱ्या पानाच्या डोक्यावर ताउनो हे नाव दिसलं होतं की नव्हतं? एकोणीस वर्षांत तिने ते पान मनात हजार वेळा उलटलं असेल. कधी नाव दिसायचं, कधी नाही. ज्याला कान आहे त्याला कळलं असेल का, मला कळलं नाही ते, हा विचार आला की ती उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

गुरुवारी, शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी, टपालाने सहावा फॉर्म आला. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण अक्षर बापाचं होतं, म्हणजे ताउनोचं. दोघांचा त सारखाच. आइली उभ्या उभ्या वाचायला लागली. इतर पाच तक्रारी मिळून एक पान झाल्या असतील. ही एकटी सात पानं होती. तारीख, वेळ, किती सेकंद. “१४ ऑक्टोबर, ९.१७, नाव अर्धं गेलं, वय ऐकू आलं.” “१५ ऑक्टोबर, ९.१६ ते ९.१९, काही नाही. ९.१९ला खोकला.” “१७ ऑक्टोबर, वाचणारीला सर्दी आहे.” “२० ऑक्टोबर, वेल्मा साल्मी, चर्चचं नाव गेलं. ठिकाण: घर, स्वयंपाकघर, खिडकीजवळ. ट्रकमध्येही तेच.” किती काळ ऐकता, या रकान्यात लिहिलं होतं, सुरुवातीपासून. खाली चार ओळी. कायद्याचा संबंध, नाही. नोकरीचा, नाही. पैशाचा, नाही. नात्याचा, नाही. चारही ‘नाही’ सारख्याच मापाचे, एकाखाली एक काढलेले.

रसने खांद्यावरून वाचलं आणि शीळ घातली. “सुटलो! अहो, हे सात पानी पुरावे बघून आयोग त्यांना उद्याच्या उद्या बंद करेल. द्या इकडे, पाठवतो.” “हा माझा भाऊ आहे, रस.” “आयोगाला काय ठाऊक? तुम्ही पेनहेल, तो कांगस. त्यानेच लिहिलंय नाही म्हणून. त्याची सही, त्याची जबाबदारी.” “खाली माझी सही आहे.” “मग करा ना!” रस जवळजवळ ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “इंपीचा विचार करा, आइली. ती अंधारात पडून तो गादीवाला ऐकत्ये.” त्याचं चूक नव्हतं, हाच त्रास होता. आइलीने पेन उचललं. माझ्या माहितीप्रमाणे वरील सर्व खरं आहे. एकदा तिने त्याला गाळलं होतं, बघून की न बघता हे ठरलं नव्हतं. आता बघून, चष्मा लावून, सहीनिशी गाळायचं होतं. आणि तोच म्हणत होता, गाळ. हे उपकार होते की सूड, तिला समजेना. नात्याचा, नाही, हे त्याने तिच्यासाठी खोटं लिहिलं होतं, की एकोणीस वर्षांनी एकदाचं सरकारी कागदावर खरं लिहायला मिळालं म्हणून लिहिलं होतं? ते अक्षर काही सांगत नव्हतं. तिने सात पानं पाकिटात घातली, कोट घेतला. “कुठे?” रसने विचारलं. “परत द्यायला?” “विचारायला,” ती म्हणाली.

लेहतोच्या चढावर बारीक बर्फ भुरभुरत होतं. शेवटच्या वळणानंतर तिने रेडिओ बंद केला. झाडीतली वाट आखूड झाल्यासारखी वाटली. ताउनोचा ट्रक, लाकडाची रास, वाफेने न्हायच्या सॉनाच्या झोपडीचं धुराडं, सगळं एकदम समोर आलं, तयारीला वेळच मिळाला नाही. दार त्याने उघडलं. तो म्हातारा झाला होता. तिला उगाच राग आला, आपल्याला न सांगता हा म्हातारा झाला.

“पोचलं?” ताउनो म्हणाला.

“पोचलं.”

“मग इथे काय करत्येस? उद्या बारापर्यंत पाठवायचंय ना? सेल्मा सांगत होती दुकानात, एक कमी पडतोय म्हणून. कोरा फॉर्म तिनेच दिला.”

ती आत शिरली. खिडकीत रेडिओ होता, बापाच्या वेळचा, त्याच्या तारेला वाकवून वाकवून कुठेतरी खिळ्याला बांधलेलं. शेजारी वही. तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि शेवटचं पान बाहेर काढलं. “हे ‘नाही’ का लिहिलंस?”

“कारण ‘आहे’ लिहिलं तर कागद फुकट. तुला वाचता येत नाही?”

“म्हणजे सहा भरावेत म्हणून लिहिलंस.”

ताउनोने खिडकीशी जाऊन वही मिटली.

“की खरं म्हणून लिहिलंस?”

“खोटं आहे का?” तो एकदम वळून म्हणाला. “सांग ना. कुणाला विचारायचं, खोटं आहे का? तूच सांगितलं होतंस सगळ्या जिल्ह्याला. मी एकट्याने ऐकलं नाही ते.”

आइली उभी होती. तो बस म्हणाला नाही. तिला वाटलं, पान उलटताना काय झालं ते आता सांगायला हवं, आणि सांगण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही. “मला नाही माहीत, ताउनो,” ती म्हणाली. “तुझं नाव मला दिसलं होतं की नव्हतं. खरंच नाही माहीत. पण दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा कागद समोर होता आणि मी तो वाचला नाही. ते मुद्दाम होतं. ते मी केलं.”

त्याने खुर्ची मागे ओढली आणि स्वतःच बसला. टेबलाच्या लाकडातली गाठ नखाने खरवडत राहिला. “दुसऱ्या दिवशी मी ऐकत होतो,” तो म्हणाला. “त्याच्या दुसऱ्या दिवशीही.”

तिने पर्समधून पेन काढलं. चौथ्या ओळीतल्या ‘नाही’वर एक आडवी रेघ मारली, वर ‘आहे’ लिहिलं, आणि पुढे ‘धाकटा भाऊ’. वकीलबाईने सांगितलं होतं, लिहून देणाऱ्याच्या कागदात खाडाखोड झाली तर तिच्या बाजूला त्याचीच आद्याक्षरं हवीत, नाहीतर खाडाखोड धरत नाहीत, मूळचं धरतात. तिने कागद फिरवून त्याच्यापुढे केला.

“वेड लागलंय तुला?” ताउनो म्हणाला. “हे गेलं की खोरं गेलं. इंपी गेली. पाच जणांच्या सह्या रद्दीत. कशासाठी? एकोणीस वर्षं उशिरा दुरुस्ती वाचायची हौस आली म्हणून?”

“हो.”

“इंपीने काय बिघडवलंय तुझं?”

“काही नाही.” तिचा आवाज फुटला. रेडिओवर कधी फुटला नव्हता. “मला दुसरं येत नाही रे. माझ्या दुरुस्तीशिवाय मी यावर सही करू शकत नाही. तू अक्षरं घातली नाहीस तर तुझं ‘नाही’ राहील, आणि मी बाराच्या आत पाठवून देईन, शपथ. तू सांग.”

ताउनो कागदाकडे बघत होता. बाहेर ट्रकच्या टपावर बर्फ पडत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. आइलीलासुद्धा येत होता. तो काहीतरी पुटपुटला, ते तिला कळलं नाही, बहुधा शिवी असावी. “मग मी सकाळी ऐकू काय?” तो म्हणाला. “गाद्या?”

त्याने पेन घेतलं. रेघेच्या बाजूला दोन अक्षरं काढली. तिसऱ्यांदा वाचत असल्यासारखा तो ‘धाकटा भाऊ’वर थांबला, मग कागद तिच्याकडे सरकवला.

“गेलं तुझं लेहतो,” ताउनो म्हणाला.

“गेलं,” आइली म्हणाली. तिने कागदाची घडी घातली. “इंपीला जाऊन सांगते.”

ती दारापर्यंत गेली. मागे खुर्ची सरकली.

“थांब जरा,” ताउनो म्हणाला. “बूट घालतो.”